घंटा जागेवर, वादक वाटेवर

तबलजी आपला तबला-डग्गा घेऊन गावोगाव जातो. सतारही खोळीत घालून परदेशी नेता येते. इंग्लंडमधल्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांचं वाद्य मनोऱ्यात उंचावर, भिंतींत रुतवलेल्या जाड तुळयांच्या चौकटीत टांगलेलं असतं. त्याचं वजन टनांत मोजतात आणि पुष्कळदा ते तीनशे-चारशे वर्षं त्याच जागी असतं. दुसरं वाद्य हाताळायचं तर वादकानेच उठून तिथवर जायला हवं. म्हणून वर्षातून एकदा तरी गावोगावची घंटावादक मंडळी शनिवारी सकाळी मोटारींत बसतात आणि संध्याकाळपर्यंत पाच-सहा अनोळखी मनोरे पालथे घालतात. त्यांच्या भाषेत हे ‘टॉवर आउटिंग’. बाहेरून बघणाऱ्याला ही सहल वाटते आणि सहलीची मजा तीत असतेही, पण माझ्या मते हा या कलेच्या शिक्षणाचा अत्यावश्यक भाग आहे. एकाच मनोऱ्यात आयुष्य काढलेल्या वादकाला आपल्या घंटा येतात. घंटावादन मात्र त्याला अर्धंच आलेलं असतं.

हे पटायला ती घंटा वाजते कशी, ते आधी समजून घ्यायला हवं.

आपल्या देवळातली घंटा स्थिर असते आणि आपण तिचा लोलक हलवतो. चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या, त्यांच्यापैकी नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा पुष्कळांनी पाहिली असेल. त्याही आता स्थिरच टांगलेल्या आहेत. युरोपात बऱ्याच ठिकाणी घंटा दोराने झुलवतात, पण ती आपल्या लयीने झुलते आणि लोलक आपल्या लयीने आपटतो. एका घंटेचा ठोका दुसरीच्या नेमका पाठोपाठ पाडायचा म्हटलं तर तिथे काही चालत नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये घंटेला पूर्ण गोल चाक बसवण्याची पद्धत रुळली आणि चित्र पालटलं. चाकाच्या खाचेतून दोर गुंडाळत खाली वादकाच्या हातात येतो. वाजवण्याआधी घंटा ‘उचलावी’ लागते. झोपाळ्याला योग्य क्षणी हलका रेटा देत देत उंच न्यावं, तसा प्रत्येक हेलकाव्याला थोडा जोर देत तिला वर वर नेतात. शेवटी ती उलटी होते, तोंड आभाळाकडे करून जवळजवळ तोलावर उभी राहते. तोलाच्या किंचित पलीकडे गेली की अ‍ॅश लाकडाचा एक दांडा, म्हणजे ‘स्टे’, तिला अडवून धरतो. आता दोर ओढला की घंटा पूर्ण ३६० अंशांत फिरते, वाटेत एकदाच ठोका देते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तोंड वर करून थांबते. पुढच्या ओढीला उलट दिशेने परत. पहिल्या ओढीत हात दोरावरच्या ‘सॅली’वर असतात. सॅली म्हणजे दोरात विणलेला रंगीत लोकरीचा जाड भाग. दुसऱ्या ओढीत हाती दोराचं शेपूट असतं, कारण सॅली तोवर छताकडे निघून गेलेली असते.

या साऱ्याचं मर्म त्या तोलाच्या क्षणात आहे. उलट्या उभ्या घंटेला वादक किंचित जास्त वेळ वर तोलून धरू शकतो किंवा तोलावर पोचण्याआधीच जरा लवकर परत खेचू शकतो. एवढंच स्वातंत्र्य. पण या एवढ्याशा स्वातंत्र्यामुळे टनभर वजनाची घंटा क्षणाच्या अंशाइतक्या नेमकेपणाने वाजवता येते. आणि त्यासाठी ताकद लागत नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि ऐंशीचे आजोबा एकाच वर्तुळात उभे राहून वाजवताना दिसतात, कारण घंटा आपल्या वजनानेच फिरते. माणसाने फक्त तिचा तोल ओळखायचा.

स्वातंत्र्य एवढंसंच असल्याने घंटांवर गाणं वाजवता येत नाही. टनभर धातू एकदा फिरला की पुन्हा वाजायला त्याला दोन सेकंद तरी लागतात. मग करायचं काय? आठ घंटांचा संच असेल तर त्या शुद्ध सप्तकात लावलेल्या असतात. सर्वांत लहान आणि उंच आवाजाची ‘ट्रेबल’, सर्वांत जड आणि खर्जातली ‘टेनर’. त्या क्रमाने वाजल्या की तार षड्जापासून खाली मध्य षड्जापर्यंत उतरणारा बिलावलाचा अवरोह ऐकू येतो. याला ‘राउंड्स’ म्हणतात. आता या ओळीतला घंटांचा क्रम प्रत्येक फेरीला बदलत न्यायचा, एकदा आलेली ओळ पुन्हा येऊ द्यायची नाही आणि शेवटी परत राउंड्सवर यायचं. अट एकच, आणि ती माणसाने घातलेली नाही, घंटेच्या वजनाने घातली आहे: कुठलीही घंटा एका फेरीत एकाच जागेने पुढे किंवा मागे सरकू शकते, कारण तिला त्याहून जास्त थांबवता किंवा घाई करवता येत नाही. म्हणजे प्रत्येक बदल हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांची अदलाबदल.

चार घंटा घेऊन पाहा. १२३४ पासून सुरुवात. दोन्ही जोड्या बदलल्या की २१४३. मग मधली जोडी: २४१३. पुन्हा दोन्ही: ४२३१. पुन्हा मधली: ४३२१. असंच पुढे ३४१२, ३१४२, १३२४ आणि परत १२३४. प्रत्येक घंटा पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेपर्यंत चालत जाते आणि परत येते. पण चार घंटांचे एकूण क्रम २४ होतात, आणि यात आठच आले. उरलेले सोळा मिळवायला ट्रेबल पहिल्या जागी परतली की नेहमीच्या अदलाबदलीत एक छोटा फरक करतात, आणि सगळी साखळी नव्या वाटेला लागते. ‘प्लेन बॉब’ नावाची पद्धत ती हीच.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं ‘अंकपाश’ प्रकरण वाचलेल्याला इथे ओळखीचं काही भेटेल. हरीच्या चार हातांत चार आयुधं किती प्रकारे येतील, या तिथल्या प्रश्नाचं उत्तरही २४च. त्याहून जवळचं नातं मात्र देवगिरीशी आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वर उलटसुलट क्रमांनी मांडले तर किती ताना होतात, याचा हिशेब त्याने दिला: ५०४०. या ताना ओळीने कशा लिहाव्यात, अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे काढण्यासाठी त्याने खंडमेरू नावाचा तक्ता दिला. इंग्लंडच्या घंटावादकांना यातलं काहीही माहीत नव्हतं. पण त्यांच्या दुनियेत सर्वांत मानाचा आकडा कोणता, तर हाच ५०४०. सात घंटांचे सगळे क्रम, एकही न गाळता, एकही न दुहेरता वाजवणं याला ते ‘पील’ म्हणतात. आज पाच हजार किंवा त्याहून अधिक बदलांच्या कुठल्याही अखंड वादनाला पील म्हणतात, पण मूळ माप या ५०४०चं.

इतिहासाला माहीत असलेलं पहिलं खरं पील २ मे १७१५ रोजी नॉरिच शहरातल्या सेंट पीटर मँक्रॉफ्ट चर्चमध्ये वाजलं. सात घंटा क्रम बदलत होत्या आणि आठवी, टेनर, प्रत्येक ओळीच्या शेवटी ठाम उभी होती. सव्वातीन तासांच्या आसपास वेळ लागला. या वेळात कोणी थांबत नाही, पाणी पीत नाही, दोर दुसऱ्याच्या हाती देत नाही. समोर कागद नसतो. सगळं डोक्यात. आठ घंटांचे क्रम ४०,३२० होतात. तेही एकदा वाजवून झाले आहेत: जुलै १९६३मध्ये, लफबरोच्या घंटा-कारखान्यातल्या मनोऱ्यात, आठ माणसांनी १७ तास ५८ मिनिटं न थांबता. बारा घंटांचे क्रम ४७ कोटी ९० लाख १,६०० होतात. ते कोणी वाजवणार नाही, कारण तीस वर्षांहून जास्त काळ दोर सोडता येणार नाही.

शार्ङ्गदेव आणि वादक यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. शार्ङ्गदेवाला ओळी मांडायच्या होत्या. एका ओळीतून दुसरीत उडी किती मोठी पडते, याचं त्याला बंधन नव्हतं. वादकांना ओळीतून ओळीत चालत जायचं होतं. म्हणून प्रत्येक पायरीला फक्त शेजाऱ्यांची अदलाबदल करत सगळे क्रम गाठायचे कसे, हा प्रश्न त्यांनी सतराव्या शतकातच सोडवला. रिचर्ड डकवर्थ यांचं ‘टिंटिनॅलॉजिया’ १६६८मध्ये फेबियन स्टेडमन यांनी प्रकाशित केलं. स्टेडमन हे व्यवसायाने मुद्रक. त्यांचं स्वतःचं ‘कँपनॅलॉजिया’ १६७७मध्ये आलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्राने हीच रीत नव्याने शोधली, आणि आपल्याआधी चर्चच्या मनोऱ्यातले लोक तिथे पोचले होते हे पुढे लक्षात आलं. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की हे गणित शाळेबाहेरचं होतं. सुतार, विणकर, शेतमजूर ते हाताने आणि कानाने करत होते.

आता सहलीकडे. समजा एखादी मंडळी सफोक परगण्यात निघाली आहे. पूर्व इंग्लंडचा हा भाग सपाट, आणि मनोरे दुरून दिसतात. आयोजकाने काही महिने आधी प्रत्येक मनोऱ्याच्या कप्तानाला पत्र लिहून वेळ ठरवलेली असते. शनिवारी दुपारी लग्नं असतात, तेव्हा ती चुकवून वेळापत्रक बसवायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक तास, मध्ये पबमध्ये जेवण, निघताना तिथल्या घंटांच्या देखभालीसाठी पेटीत देणगी. कोणत्या गावात किती घंटा, टेनरचं वजन किती, हे सगळं रोनाल्ड डव्ह यांच्या १९५०मध्ये पहिल्यांदा निघालेल्या सूचीत मिळतं. इंग्रजी पद्धतीने टांगलेल्या घंटांचे मनोरे इंग्लंडमध्ये पाच हजारांहून अधिक आहेत. आपण आजवर कुठले ‘पकडले’ त्यावर त्या सूचीत खुणा करणारे छांदिष्ट पुष्कळ, आणि त्यांच्यामुळे आडगावच्या एखाद्या विसरल्या गेलेल्या मनोऱ्यातही वर्षातून एक-दोनदा दोर हलतात.

इप्सविचचं सेंट लॉरेन्स घ्या. इथल्या पाच घंटा पंधराव्या शतकातल्या आहेत आणि पाचांचा जगातला सर्वांत जुना संच म्हणून त्या ओळखल्या जातात. आठव्या हेन्रीचा प्रबळ मंत्री, कार्डिनल थॉमस वुल्झी, याच गावचा. लहानपणी त्याच्या कानावर याच घंटा पडल्या असणार, म्हणून लोक त्यांना वुल्झीच्या घंटा म्हणतात. वर्षानुवर्षं मुक्या राहिल्यावर २००९मध्ये त्या दुरुस्त होऊन पुन्हा वाजल्या. जाणकारांनी त्यांचे सूर आधुनिक मापाने घासून ‘नीट’ केले नाहीत, हे मला फार योग्य वाटतं. आजच्या कानाला त्या जरा वेगळ्या लागतात. पाचशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा आवाज कानावर पडण्याच्या जागा अशा किती उरल्या आहेत? त्याच शहरात सेंट मेरी-ल-टॉवरमध्ये बारा घंटा आहेत आणि टेनर पावणेदोन टनांच्या आसपास. गावात सहा घंटांवर वाढलेला वादक इथे पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. सहांमध्ये त्याला ज्यांच्या मागे वाजायचं ते पाच दोर दिसत होते, आता अकरा आहेत. नेमक्या कोणत्या दोराच्या मागे आपला दोर यायचा, हे वर्तुळाकडे बघत ओळखण्याला ‘रोपसाइट’ म्हणतात. ही नजर पुस्तकातून येत नाही. ती नव्या खोल्यांत, नव्या वर्तुळांत उभं राहूनच तयार होते.

पुढे ईस्ट बर्गहोल्ट, चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांचं जन्मगाव. इथे मनोराच नाही. सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो बांधायला घेतला, पण पुरा झाला नाही. गावकथा सांगते की वुल्झीची मर्जी गेली आणि पैसा आटला. घंटांसाठी चर्चच्या आवारात जमिनीवरच लाकडी पिंजरा उभा केला, तात्पुरता म्हणून, आणि त्या आजही तिथेच आहेत. पाच घंटा मिळून चार टनांहून जड. त्यांना ना चाक, ना दोर. घंटा तोंड वर करून टांगलेल्या आहेत आणि वादक शेजारी उभा राहून तिच्या माथ्यावरचं अवजड लाकूड हातानेच ढकलतो-खेचतो. इतर सगळीकडे घंटा डोक्यावर कुठेतरी अदृश्य असते, मध्ये लाकडी तक्तपोशी असते. इथे धातूचं तोंड वादकाच्या हातभर अंतरावर फिरतं. पाहुण्यांनी इथे बघायचं असतं, कारण हे काम स्थानिक लोकच करू जाणतात. पण बघून आलेल्याला आपल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला काय घडतं ते कायमचं कळतं.

आणि लॅव्हनम. लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं गाव, तिरकी झालेली लाकडी घरं, आणि गावाच्या मानाने अवाढव्य चर्च. इथली टेनर माइल्स ग्रे या ओतकाराने १६२५मध्ये ओतली. वजन टनभर. इंग्लंडमधली सर्वांत सुरेल घंटा म्हणून तिची ख्याती आहे.

मनोरा बदलला की काय काय बदलतं, याची यादी मोठी आहे. कुठे वादक चर्चच्या फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उभे असतात, तर कुठे अंधाऱ्या चक्री जिन्याने वर चढून, शेवटी शिडीने फळीच्या झडपेतून आत शिरावं लागतं. घंटा फार उंच असेल तर लांब दोर हवेत लाटेसारखा नागमोडी हलतो आणि हाताला घंटेचा निरोप उशिरा पोचतो. कुठे लहान घंटा इतक्या हलक्या की नेहमीच्या जोराने ओढलं तर उसळून तोलापलीकडे जातात. कुठे एखादी घंटा ओढीच्या मानाने ठोका उशिरा देते, आणि तिथल्या मंडळींना ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यांना ते जाणवतही नाही. आठ घंटांच्या ओळीत दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण पाव सेकंद. त्यात जरासा फरक पडला तरी कान खडबडीतपणा टिपतो. म्हणून चांगले वादक नव्या मनोऱ्यात शिरल्यावर अवघड पद्धती लगेच वाजवत नाहीत. आधी नुसते राउंड्स. डोळ्यांवरचा विश्वास काढून कानांवर ठेवायचा, आपली घंटा ओळीत कुठे पडते ते ऐकायचं. मग कोणी तरी हाक देतं, ‘लुक टू’. ट्रेबलवाला सांगतो की ती निघाली, आणि दोर सुटतात.

दोरांच्या खोलीच्या भिंतीही वाचण्यासारख्या असतात. लाकडी फळ्यांवर सोनेरी अक्षरांत जुन्या पीलची नोंद: तारीख, पद्धत, वेळ, प्रत्येक घंटेवर कोण. काही ठिकाणी पद्यात लिहिलेले नियम, टोपी घालून किंवा बुटांना घोडेस्वारीचे काटे लावून वाजवलं तर दंड. त्या काळी मनोऱ्यातली मंडळी आणि धर्मगुरू यांचं फारसं सख्य नव्हतं. वादनाला खेळ आणि पैजांचं रूप होतं, बिअरचा मोठा घडा खोलीतच असे. एकोणिसाव्या शतकात चर्चने शिस्त आणली, त्यानंतर रविवारच्या उपासनेशी वादकांचं नातं पक्कं झालं. या फळ्यांवर फार काळ फक्त पुरुषांची नावं होती. १८९६मध्ये अ‍ॅलिस व्हाइट यांनी पील पुरं केलं आणि असं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० वादक मारले गेले. २०१८मध्ये, युद्धसमाप्तीच्या शताब्दीला, तितकेच नवे शिकाऊ उभे करण्याची मोहीम देशभर निघाली. दुसऱ्या महायुद्धात जून १९४०पासून घंटांवर बंदी होती. शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या होत्या. नोव्हेंबर १९४२मध्ये एल अलामीनच्या विजयानंतर त्या पहिल्यांदा वाजल्या.

हे वाद्य आपल्याकडेही येऊन पोचलं आहे. पुण्याच्या गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशनचं चर्च १८८५चं. १८९०मध्ये तिथे घेतलेल्या चहामुळे रानडे, टिळक आणि इतर मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग आला, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. त्याच आवारातल्या उंच, चर्चपासून सुट्या मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे, आणि तो लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेला आहे. त्याच लफबरोत १९६३चं ते अठरा तासांचं वादन झालं. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना तर हे सारं घराजवळच आहे. बहुतेक मनोऱ्यांत आठवड्यातल्या एका संध्याकाळी सराव असतो, वेळ चर्चच्या फलकावर लिहिलेली असते. धर्माची अट सहसा कोणी घालत नाही, आणि शिकायला माणसं हवीच असतात. वर गेलात तर तुम्हाला कडेच्या बाकावर बसवतील आणि दोन गोष्टी सांगतील: पाय जमिनीवर ठेवा, आणि न विचारता कुठल्याही दोराला हात लावू नका. वरची घंटा उलटी उभी असेल तर खालचा स्तब्ध दोर माणसाला छतापर्यंत उचलू शकतो. मग कदाचित त्याच संध्याकाळी, शिक्षक सॅली सांभाळत असताना, दोराचं शेपूट तुमच्या हाती देतील. शिकण्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी तिथूनच होते.